हजर माणसाची वाट

बाबा गेले त्याला वीस दिवस झाले, तरी संध्याकाळी सव्वासहाला आईच्या फोनवर मेसेज आला : ‘आपली व्यक्ती अद्याप कार्यालयात आहे. कृपया घेऊन जावे.’

आईने तो चष्मा लावून वाचला आणि फोन उपडा ठेवला.

“उद्या जा आणि घेऊन ये त्यांना,” ती म्हणाली.

“आई.”

“मला कळतं गं. डोकं ठिकाणावर आहे माझं. पण मेसेज आला की मी उठून दाराची कडी काढते. रोज. हात आपोआप जातो. हे थांबायला हवं.”

म्हणून दुसऱ्या दिवशी मी छापखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. मी तिथे मुद्रितं तपासते. रजेच्या अर्जात कारण लिहायचं असतं. मी ‘वडिलांना आणायला जाणे’ असं लिहिलं, आणि वाक्यात चूक नसल्यामुळे ते मंजूर झालं.

बाबांच्या कार्यालयात जुन्या नकाशांच्या प्रती संगणकात साठवतात. तळमजल्यावर एका गार खोलीत शहाण्णव डिस्कांचं कपाट आहे. त्या डिस्का किती वेगाने लिहितात, किती वेगाने वाचतात, कुठे अडतात, यावर लक्ष ठेवणं हे बाबांचं काम. रंगीत आलेखांवर त्यांचा विश्वास नव्हता. “आलेख आपल्याला बरं वाटावं म्हणून काढतात,” असं ते म्हणत. त्यांना काळा पडदा लागे, त्यावर टाइप केलेली एक ओळीची आज्ञा, आणि दर दोन सेकंदांनी खाली उतरत जाणारे आकडे. घरी बोलताना माणसाकडे बघावं तसे ते त्या आकड्यांकडे बघत. निदान मला लहानपणी तसं वाटायचं, आणि थोडा रागही यायचा.

वरच्या मजल्यावर हजेरीच्या बाई बसतात. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग नियम सांगितला. संगणकात ज्याचं सत्र, म्हणजे लॉगिन, उघडं, तो हजर. शेवटच्या शुक्रवारी बाबांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून ते लवकर घरी आले, आणि आयुष्यात पहिल्यांदा सत्र बंद करायचं विसरले. शनिवारी सकाळी ते गेले.

“मृत्यूचा दाखला आहे माझ्याकडे,” मी म्हटलं.

“तो आम्ही पाहिलाय ना, ताई. त्याबद्दल शंकाच नाही.” बाईंनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. “या कागदाप्रमाणे ते गेले. या कागदाप्रमाणे त्यानंतर वीस दिवस ते रात्रंदिवस कामावर आहेत. दोन्हींवर शिक्का आहे. मी कुठल्या तोंडाने एकाला खोटं म्हणू?”

“मग सत्र तुम्हीच बंद करा.”

“हजर माणसाचं सत्र त्याच्या सहीशिवाय बंद करता येत नाही. किंवा मग घरच्यांनी येऊन घेऊन जायचं. मेसेजमध्ये लिहिलंय तसं.” त्या जरा घुटमळल्या. “आणि खरं सांगू का, ते गेल्यापासून वाट फार वाढलीय. मोठे साहेब हैराण आहेत.”

या वाटेविषयी सांगायला हवं. डिस्ककडे एखादं काम पाठवलं की ते पुरं होईपर्यंत किती वेळ जातो, तो आकडा बाबांच्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा. इंग्रजी रकान्यांची नावं साहेबांना समजत नाहीत म्हणून बाबांनी रोजच्या अहवालात त्याला साधं ‘वाट’ असं नाव दिलं, वाट पाहण्यातलं. साहेबांनी ते दुसऱ्या अर्थाने घेतलं. अकरा वर्षं रोज सकाळी ते जिन्यावरून ओरडून विचारत, “आज किती वाट लागली?” आणि बाबा खालून सांगत, “चार, साहेब.” साहेब म्हणत, “तीनवर आणा.” पुढे फलकावर ‘आजची वाट’ अशी पाटीच लागली. बाबांनी कधी खुलासा केला नाही. घरी मात्र जेवताना सांगायचे, “आज चारच लागली,” आणि आई म्हणायची, “हे पोळपाट पुसून ठेवा, नाहीतर माझी पाचवी.”

मी फलक पाहिला. आजची वाट : नऊशे चाळीस.

खाली गार खोलीच्या दाराशी केबलकाका उभे होते. बाबांचे तीस वर्षांचे सोबती. गळ्यात निळ्या वायरचं वेटोळं, दोन्ही खिशांत क्लिपा.

“आलीस? बरं झालं बाई. तुझे बाबा गेल्यापासून एक नकाशा उघडायचा तर अर्धा तास लागतो. काल एक माणूस स्वतःच्या घराचा नकाशा बघायला आला. म्हणाला, एवढ्या वेळात मी चालत जाऊन घरच बघून येतो.”

“तुम्ही काही तपासलंत का?”

“मी केबल तपासल्या. सगळ्या ठणठणीत. केबलच्या आत काय वाहतं ते माझं खातं नाही.”

बाबांच्या खुर्चीवर त्यांची चपटी झालेली उशी होती. पडद्यावर आकडे दर दोन सेकंदांनी खाली उतरत होते. वीस दिवस कुणी बघत नसताना. मी जरा उभीच राहिले.

“बस की,” केबलकाका म्हणाले. “आम्हाला बसता येत नाही, हजर माणसाची जागा. तू घरची आहेस.”

मी बसले. टेबलावर बाबांची वही होती. त्यांनी लांबलचक आज्ञांना आपली अशी छोटी नावं ठेवली होती, म्हणजे पूर्ण आज्ञा पाठ करायला नको. पहिल्या पानावर त्यांच्या रेखीव अक्षरात लिहिलं होतं : ‘वाट वाढली तर डिस्क बदलू नये. आधी विचारावं – कोण.’

मी ‘कोण’ असं टाइप केलं.

पडदा पुसला गेला आणि नवी यादी आली. डिस्कवर या क्षणी कोण किती लिहितंय त्याची. नकाशांचं काम अगदी तळाला अंग चोरून बसलं होतं. वर एकच नाव होतं, आणि लिहिण्याचा जवळपास सगळा भार त्याचा : ‘शोकठराव’.

“हे काय?” मी विचारलं.

केबलकाकांनी वायरचं वेटोळं काढून पुन्हा गळ्यात घातलं. “तुझ्या बाबांसाठी शोकठराव केलाय ना आम्ही. सगळ्या हजर कर्मचाऱ्यांनी संमती दिली की तो मंजूर होतो. बेचाळीसपैकी एक्केचाळीस जणांनी पहिल्याच दिवशी दिली.”

“आणि एक बाकी आहे.”

“एक बाकी आहे.”

“ते बाबा.”

“आता हजर आहेत म्हटल्यावर त्यांना वगळणार कसं? बरं दिसलं असतं का?”

जोवर संमती येत नाही तोवर यंत्रणा दर पाच मिनिटांनी आठवण करत होती, आणि दर आठवणीला ठरावाची नवी प्रत बेचाळीस जणांच्या खात्यांत ठेवत होती, फोटोसकट. फोटो कार्यालयातल्या स्कॅनरवर काढलेला. तो स्कॅनर नकाशांचा होता. बाबांचा ओळखपत्रावरचा अंगठ्याएवढा फोटो त्याने भिंतीएवढा करून ठेवला होता. वीस दिवस शहाण्णव डिस्का दुसरं काही न करता बाबांचा चेहरा लिहीत होत्या.

मी ठराव उघडला. चौदा मिनिटं लागली. केबलकाका तेवढ्यात दोन कप कॉफी घेऊन आले आणि एक माझ्यासमोर ठेवून दुसरी स्वतःच प्यायले. पहिली ओळ ठीक होती. दुसऱ्या ओळीत ‘हसतमुख’ होतं. बाबा कार्यालयात हसल्याचा पुरावा फोटोतही नव्हता. तिसरी ओळ अशी : ‘त्यांनी या कार्यालयाची जी वाट लावली, ती आम्ही कधीही विसरणार नाही.’

“हे कुणी लिहिलंय?”

“हजेरीच्या बाईंनी. मनापासून लिहिलंय हो. वाटेचा रकाना तुझ्या बाबांनीच सुरू केला ना, म्हणून.” केबलकाका काळजीने माझ्याकडे बघत होते. “काही चुकलंय का?”

मी हसायला लागले. वीस दिवसांत पहिल्यांदा. तोंडावर हात धरला तरी थांबेना, आणि मग ते नुसतं हसणं राहिलं नाही. केबलकाकांनी पाठ फिरवली आणि एका ठणठणीत केबलची पुन्हा तपासणी केली.

“दुरुस्ती सुचवता येते का?” डोळे पुसून मी विचारलं.

“येते. पण मग दुरुस्तीला पुन्हा सगळ्या हजर लोकांची संमती लागेल.”

मी दुरुस्ती सुचवली नाही. आयुष्यात एक चूक मी डोळ्यांदेखत जाऊ दिली, ती ही. आता बाबा निघाले की हजर एक्केचाळीस, संमती एक्केचाळीस. ठराव मंजूर, लिहिणं बंद. करायचं ते एवढंच होतं, आणि ते मला करायचं नव्हतं. आकडे उतरत होते तोवर बाबाच ते आपल्या तऱ्हेने उतरवताहेत असं वाटत होतं. मी वही चाळत राहिले. बऱ्याच पानांवर जुन्या तारखा आणि वाट : चार, चार, पाच, तीन. तीनच्या भोवती गोल.

“सहा वाजले,” केबलकाका हळूच म्हणाले.

सत्र बंद करायची आज्ञा वहीत कुठे दिसली नाही. मी अंदाजाने ‘जातो’ असं टाइप केलं.

पडद्याने उत्तर दिलं : अशी आज्ञा नाही.

मग मला उमगलं. असं म्हणून ते घरातून कधी निघालेच नव्हते. चपला घालताना, किल्ली खिशात टाकताना, त्या शुक्रवारच्या सकाळीसुद्धा. मी ‘येतो’ टाइप केलं आणि बटण दाबलं.

आकडे थांबले. पडदा काळा झाला. कपाटातली घरघर उतरत उतरत इतकी खाली आली की खोलीतल्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. वरून जिन्यात साहेबांचा आवाज आला, “अरे, वाट तीनवर आली. कुणी आणली?”

मी उशी आणि वही पिशवीत घातली, आणि माझा फोन वाजला. आई होती.

“मेसेज आलाय,” ती म्हणाली. “‘आपली व्यक्ती कार्यालयातून निघाली आहे.’”

“हो.”

“तू बरोबर आहेस ना?”

“आहे.”

पलीकडून कडी काढल्याचा आवाज आला, की लावल्याचा, ते मला फोनवरून कळलं नाही.

“मग सावकाश या,” आई म्हणाली.