आईचे उच्चार

युट्रेख्टला येऊन अश्लेषाला तीन वर्षं झाली होती. नवरा सौमित्र रोज ट्रेननं अ‍ॅमस्टरडॅमला, झुइडास या व्यापारी भागातल्या ऑफिसात जायचा. ती डचच्या वर्गाला. २००६च्या वसंतात त्या वर्गाच्या शिक्षिकेनं, मरायकेनं, तिला एका कार्यक्रमात वाचायला बोलावलं. अमेरिकेत वाढलेल्या मेक्सिकन, क्यूबन घरांतल्या लेखिकांच्या कथा डचमध्ये आल्या होत्या, त्यांतले उतारे वाचायचे होते.

आपण भारतीय आहोत, असं अश्लेषानं सांगून पाहिलं. मरायके म्हणाली, रंग, केस, डोळे, सगळं तर जुळतंय, इथे कोणाला कळणार आहे. अश्लेषाला ते खटकलं. पण आपलं डच कुणाला तरी ऐकायचंय, याचा आनंद इतका होता की तिनं ते मनातल्या मनात ठेवलं.

तिच्या वाट्याची कथा छोटी होती. टेक्सासमधली एक आई लेकीचं नाव शाळेत घालायला जाते. कारकून तिला एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलायला लावतो आणि शेजारी उभी असलेली मुलगी मान खाली घालते. तालमीत मरायकेनं सुचवलं, आईची वाक्यं जरा स्पॅनिश ढंगात म्हण, रंगत येईल. अश्लेषानं टीव्हीवर पाहून र घोळवायचा सराव केला. सौमित्रलाही मजा वाटली.

रविवारी दुपारी घराजवळचं वाचनालय भरलं होतं. मरायकेनं अश्लेषाच्या केसांत लाल फूल खोचलं. आईच्या पहिल्याच वाक्याला लोक हसले. अश्लेषाची भीड चेपली, पुढचं वाक्य तिनं आणखी ताणलं. कारकून तिसऱ्यांदा विचारतो तिथे तर अख्खी खोली हसत होती. टाळ्याही भरपूर पडल्या.

नंतर पन्नाशीची एक बाई तिच्याजवळ आली आणि तिनं हळू आवाजात स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारलं. अश्लेषाला काही कळलं नाही, तिनं हसून मान हलवली. बाईनं पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा हलवली. तेव्हा बाई इंग्रजीत म्हणाली, "मी विचारत होते, तुमच्या आईलाही लोक असेच हसायचे का?"

अश्लेषानं केसांतलं फूल काढलं.

"तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"पुण्याची. भारतातली."

बाईनं आपलं नाव सांगितलं, ग्रासिएला. ती कथा तिनंच लिहिली होती. अ‍ॅमस्टरडॅमला कामासाठी आली असताना कार्यक्रमाचं कळलं, म्हणून ती न सांगता येऊन बसली होती.

"मला डच येत नाही," ती म्हणाली. "पण हसणं कळतं. ती माझी आई होती."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त कोट घालून निघून गेली. महिन्याभरापूर्वी महापालिकेच्या काउंटरवर अश्लेषालाही आपलं आडनाव चारदा सांगावं लागलं होतं आणि रांगेतली दोन माणसं हसली होती. हे ग्रासिएलाला सांगावंसं तिला वाटलं होतं, पण ती सबब वाटली असती. कदाचित सबबच होती.

घरी सौमित्रनं विचारलं तेव्हा लोकांना आवडलं, एवढंच ती म्हणाली.

पुढचं वाचन नायमेखनला होतं. फूल नको, उच्चार माझेच राहतील, असं तिनं मरायकेला सांगितलं. सपक होईल, म्हणत मरायकेनं नाइलाजानं होकार दिला. त्या दिवशी कुणी हसलं नाही. एक म्हातारे गृहस्थ पेंगत होते. मुलगी मान खाली घालते त्या ओळीपाशी अश्लेषाला पुढचं दिसेना; तिनं डोळे पुसले आणि उरलेलं वाचून संपवलं. टाळ्या जेमतेम पडल्या.

मरायकेनं तिला पुन्हा बोलावलं नाही. नायमेखनच्या वाचनाचं ग्रासिएलाला कळवावं असं अश्लेषाच्या बरेचदा मनात आलं, पण पहिल्या ओळीत काय लिहायचं, हे तिला कधी सुचलं नाही.