गवताच्या छपराखालचे तारे

नववीची परीक्षा संपली आणि दुसऱ्याच दिवशी साखरबाईंचा निरोप आला. साखरबाई म्हणजे आमच्या कुंभवलीच्या बालवाडीच्या बाई. मीसुद्धा त्यांच्याकडेच मुळाक्षरं गिरवली, त्यामुळे मी कितीही मोठी झाले तरी त्यांना माझं नाक पुसावंसं वाटतं.

"सुलू, पालघरला वक्तृत्वात पहिली आलीस ना? आता त्या तोंडाचा आम्हाला काही उपयोग होतो का बघू," बाई म्हणाल्या.

ग्रामपंचायतीने बालवाडीला गोष्टींची पुस्तकं घ्यायला मान्यता दिली होती. उकाड्यामुळे पोरं अंगणात झोपत होती, झोप येईपर्यंत वर बघत होती आणि सकाळी येऊन बाईंचं डोकं खात होती. तारे कोण लावतं? दिवसा कुठे ठेवतं? चंद्राला कोण खातं? "तेव्हा पुस्तकं ताऱ्यांचीच आण. निवड तू, वाच तू आणि उत्तरंही तूच दे. मला सोडव."

मी तर हवेतच गेले! वक्तृत्वाचा कप मिळाल्यापासून मला वाटायला लागलं होतं की आपण बोललो की समोरचा ऐकतो. आई म्हणते, त्या कपातून बहुतेक काहीतरी पाजलं असणार, मुलगी गप्प बसेना झालीये. पण आठवीपर्यंत मी वर्गात हातसुद्धा वर करत नव्हते, हे आई विसरते. मी विसरत नाही.

पालघरला स्टेशनजवळ खंडेरावकाकांचं पुस्तकांचं दुकान आहे. तिथून मी तीन पुस्तकं आणली. त्यातलं एक असं सुंदर होतं की एसटीत ते मी मांडीवर उघडंच ठेवलं होतं, म्हणजे शेजारच्या बाईलाही दिसावं. काळंभोर आकाश, त्यात लाल-पिवळे ज्वाळांचे गोळे, पान इतकं गुळगुळीत की आपला चेहरा दिसेल. सोमवारी बालवाडीत मी तेच पहिलं वाचलं.

वाचलं कसलं, केलं! "प्रत्येक तारा म्हणजे आगीचा प्रचंड गोळा!" असं म्हणून मी दोन्ही हात फाकले. "तो धगधगतो! ज्वाळा फेकतो! आणि असे गोळे आपल्या डोक्यावर किती? मोजता येणार नाहीत इतके!"

पोरं चिडीचूप. मला वाटलं, जिंकलं. चिंधू नावाचा एक पोरगा आहे, तो कधीच गप्प बसत नाही, त्याचंही तोंड उघडं राहिलं होतं.

मग त्यानेच विचारलं, "ताई, मंग ते खाली पडत का नाय?"

"पडतात की कधीकधी! तारा तुटताना बघितला नाहीस?"

हे पुस्तकात नव्हतं. हे माझं. तुटणारा तारा हा खरा तारा नसतो हे मला परीक्षेत दोन ओळींत लिहिता आलं असतं, पण पोरं अशी टक लावून बघत असताना कोण थांबतंय! कोपऱ्यात नवसी बसली होती, पाच वर्षांची, तिने फ्रॉकचं टोक तोंडात धरलं होतं. ती नेहमीच धरते, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात बसून चंदेरी कागदाच्या चांदण्या कापत होते. नवसीची आई, पारूताई, कडेवर धाकटा घेऊन तरातरा आली.

"ती पुस्तकवाली कोण?"

"मी!" मी उठून उभी राहिले. खोटं कशाला सांगू, मला वाटलं ती माझं कौतुक करायला आलीये.

"तू व्हय. ये, चल माजे घरी. चिखल काढ."

साखरबाई आतून धावत आल्या. "अगं पारू, झालं काय?"

"काय झालं ते हिला विचारा. काल सांजचे मी कामावरून आले तं घरात पाणी नाय. दोन हंडे भरून ठेवलेले. सगळं पाणी पोरीनं छपरावर मारलं. तांब्या-तांब्यानं. चूल भिजली, लाकडं भिजली, हा धाकटा भिजला. मी म्हटलं गो, येडी झालीस काय? तं म्हणं, तारे पेटलेत, ठिणगी पडंल, छप्पर ओलं पायजे." पारूताईचा आवाज एकदम खाली आला. "रातभर अंगणात निजली नाय. आत, त्या उकाड्यात, छपराखाली बसून वर बघतेय. आन मी रातीला पुन्हा विहिरीवर. विहिरीत हाय का पाणी ह्या दिवसांत?"

कापलेली चांदणी माझ्या हातातच होती. ती कुठे ठेवावी ते मला कळेना.

"लहान आहे हो ती. होईल शांत," बाई म्हणाल्या.

"होईल. घरीच होईल. आता नाय धाडणार. धाकट्याला सांभाळंल, मला राबाचं काम हाय." आणि ती गेली.

बाई दारात पडलेले चंदेरी तुकडे वेचायला लागल्या. वेचता वेचता म्हणाल्या, "हिची थोरली पोर, लाडकी नावाची, अशीच एप्रिलमध्ये घरी राहिली होती. धाकट्यांना सांभाळायला. जूनमध्ये पहिलीत नाव घालायला गेले तर पोर म्हणाली, मला आता काम असतं. आठ वर्षांची आहे आता, मामाकडे शेळ्या वळते. नवसीचं नाव ह्या जूनला घालायचं होतं."

घरी येऊन मी आधी रडले आणि मग चिडले. पुस्तकात खोटं काय होतं? तारे आगीचेच आहेत ना? संध्याकाळी वाडीत केळींना पाणी लावताना मी हेच मोठमोठ्याने केळींना सांगत होते. समोर डोंगराच्या अंगाला राब पेटायला लागले होते. आमच्याकडे या दिवसांत भाताचं रोप टाकायच्या जागेवर पाला, गवत, शेण पसरून ती जमीन भाजतात, तो राब. मी लहानपणापासून बघतेय. आम्हाला वाडी असल्यामुळे मी तो लांबूनच बघतेय. आणि मग आठवलं, गेल्या वर्षी पाड्यावरच्या जिवल्याची गवताची गंजी राबाच्या ठिणगीने गेली होती. नवसीच्या घरासमोरच. आमचे बाबासुद्धा बादली घेऊन धावले होते. आमच्या घरावर कौलं आहेत.

मी 'धगधगतो' म्हणाले तेव्हा मला ते गुळगुळीत पान दिसत होतं. नवसीला काय दिसलं असेल!

बुधवारी मी तिन्ही पुस्तकं घेऊन पुन्हा पालघरला. खंडेरावकाका चष्म्यावरून बघायला लागले.

"बदलून? का? पानं कमी आहेत?"

"नाही. आग जास्त आहे."

त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. पण दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, त्यांनी ताऱ्यांची, चंद्राची, अवकाशाची जेवढी होती तेवढी पुस्तकं टेबलावर काढून दिली आणि स्वतः वर्तमानपत्रामागे गेले. मी खाली फरशीवर बसले. डोळे मिटून आधी स्वतःला नवसीच्या घरात बसवलं: कुडाच्या भिंती, वर गवत, बाजूला भिजलेली चूल. मग एकेक पुस्तक हळू आवाजात वाचलं.

बापरे! एकातली मुलं गच्चीवर जाऊन दुर्बिणीतून बघतात. गच्ची कुठली आणि दुर्बीण कुठली! एकात रॉकेट आग ओकत गावाच्या माळावर उतरतं आणि गावकरी टाळ्या वाजवतात. (आमचे गावकरी बादल्या आणतील.) एकात चांदणी खिडकीतून आत येते आणि बाळाच्या उशीवर झोपते. परवापर्यंत हे मला फार गोड वाटलं असतं.

"पोरी, तू पुस्तकं निवडतेयस की तांदूळ?" वर्तमानपत्रामागून आवाज आला.

"काका, तांदूळ निवडताना खडा दिसतो तरी. इथे दिसतच नाही."

ते हसले आणि त्यांनी मागच्या फळीवरून आणखी दोन पुस्तकं काढून दिली. पातळ, धूळ बसलेली. बराच वेळ लागला, शेवटच्या आधीची बस चुकली, पण मी चार निवडली. ज्वाळांचं ते सुंदर पुस्तक परत देताना मात्र मी त्याच्यावरून एकदा हात फिरवून घेतला. ते मी अकरावीत गेल्यावर स्वतःसाठी घेणार आहे.

गुरुवारी उन्हं कलल्यावर पाड्यावर गेले. एकटीच. बाई येते म्हणाल्या होत्या, मीच नको म्हटलं. पारूताई घरामागच्या तुकड्यावर पाला पसरत होती. मला बघून तिने पाठ फिरवली.

"चिखल वाळला," ती म्हणाली. "उशीर केलास."

"पारूताई, पुस्तकं बदलून आणलीत."

"मंग बाईला दे."

मी चपला काढल्या आणि पाल्याचा भारा उचलला. मला वाटलं होतं हलका असेल. निम्मा माझ्या केसांत गेला. नवसी दारामागून बघत होती, ती फिस्स करून हसली, आणि तिची आईसुद्धा, पण आईने लगेच हसू आवरलं.

"दे इकडं. वाडीवाल्यांना केळी उचलायची सवय." तिने भारा घेतला, पसरला, हात झटकले आणि बांधावर बसली. "वाच."

"नवसीला बोलावू?"

"आदी मला. मला पटलं तर तिला."

वक्तृत्वाच्या परीक्षकांपुढे जाताना करते तसे मी केस नीट केले; पाला खाली पडला. मी पहिलं पुस्तक उघडलं. त्यात चंद्राला डोळे, मिश्या आणि गोल गाल.

"हा नको. हा आमचे मुकादमासारखा दिसतोय," पारूताई म्हणाली.

दुसऱ्यात एक मुलगी पलंगावर बसून तारे मोजते. चित्र छान, शब्द छान. पारूताईने पुस्तक हातात घेऊन जवळ धरलं.

"हिनं वहाणा घालून बिछान्यात पाय ठेवलेत. नको."

"अहो पण गोष्ट चांगली आहे!"

"पोर गोष्ट इसरंल, वहाणा इसरणार नाय."

"बरं, मी वाचताना सांगीन, की नवसी, असं करायचं नाही."

"मंग तिला कोण सांगंल, त्या मुलीला? तिची आई कुठं हाय?"

आई पुस्तकात नव्हतीच. पण गोष्ट खरंच चांगली होती आणि मी काही सोडणार नव्हते. आम्ही चक्क भांडलो. शेवटी, ते पुस्तक राहील पण नवसीला मी वहाणांचं पान सोडून दाखवीन, असं ठरलं. तिसऱ्याला तिने आत न बघताच होकार दिला, कारण ते लाल होतं. मी म्हटलं असं नाही चालणार, तर म्हणाली, मी निवडतेय ना?

चौथं त्या धुळीतलं. एका शेळीच्या करडाला तारा दिसतो. त्याला वाटतं, ज्वारीचा दाणा आहे, आपण जाऊन खाऊ. ते निघतं. शेत ओलांडतं, ओढा ओलांडतं, डोंगर चढतं. तारा तेवढाच लांब. परत खाली उतरतं, दुसरा डोंगर चढतं. तारा तेवढाच लांब. ह्या वेळी मी हातवारे केले नाहीत. नुसतं वाचलं, पारूताईकडे बघत बघत. करडू दमून दगडावर बसतं तिथे ती म्हणाली, "करडू असंच. अक्कल नाय." मग त्याची आई त्याला शोधत येते आणि मानेला चाटून म्हणते, तिथवर कुणाचेच पाय पुरत नाहीत, बाळा. आणि तिथून इथवर त्याचेही नाहीत.

पारूताईने चित्रातली शेळी जवळून बघितली. दारामागून आवाज आला.

"दुसऱ्या डोंगरावर पन नाय पोचलं?"

"नाही," मी म्हटलं.

"तिसऱ्या?"

"तिसऱ्यावरूनही नाही."

नवसी बाहेर आली. धाकट्याला तिने कमरेवर असं घेतलं होतं की त्याचे पाय तिच्या गुडघ्याला लागत होते. ती माझ्याजवळ बसली आणि करडाचं पान तिने स्वतः उलटलं, परत उलटलं, डोंगर बोटाने चढून बघितला.

वारा पडला होता. सुकाभाऊ, म्हणजे नवसीचे वडील, कंपनीतून आले होते. त्यांनी हंडा भरून बांधावर ठेवला आणि राब पेटवला. पाला आधी नुसता धुमसला, मग पेटला, आणि तडतडून ठिणग्या वर गेल्या. नवसीने माझा दंड घट्ट धरला. मला सांगावंसं खूप वाटत होतं, अंतर, वेग, सगळं. मी ओठ दाबून बसले. ती ठिणग्यांकडे बघत होती, त्या कुठवर जातात ते. पश्चिमेला एक चांदणी दिसायला लागली होती.

"ताई, आपली ठिणगी तिला लागंल?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. हे मला सुचलंच नसतं.

"नाही लागणार. तू सांग, का?"

तिने ठिणगीकडे पाहिलं. ती आंब्याच्या शेंड्यापर्यंत पण गेली नाही, विझली.

"करडू पन नाय पोचलं," ती म्हणाली. आणि माझा दंड सुटला.

मी निघाले तेव्हा नवसीने करडाचं पुस्तक पोटाशी धरलं होतं. "हे इथंच ठेव."

मी देऊन टाकणार होते. खरंच. पण पारूताईने ते तिच्या हातातून काढलं, फुंकर मारून राख झटकली आणि माझ्याकडे दिलं.

"इथं नाय. इथं चूल हाय, राब हाय, धाकटा पानं खाईल." मग नवसीला म्हणाली, "पुस्तक बालवाडीत र्‍हाईल. ज्याला पायजे त्यानं तिथं जावं."

"आन बाळ?"

पारूताई सुकाभाऊंकडे बघायला लागली. ते राबाच्या कडेची आग काठीने आत लोटत होते. त्यांनी तिथूनच मान डोलावली.

"बाळ माजेसंगं येईल," पारूताई म्हणाली. "आन सुलू, जूनपर्यंत जेवढी आणशील तेवढी आदी इथं. ह्या बांधावर. समजलं?"

"आणि जूननंतर?"

"जूननंतर ती मला वाचून दाखवंल," ती म्हणाली आणि सुकाभाऊंच्या मदतीला गेली.