मास्तरांची मागे राहिलेली बडबड

नवा टॅब चकचकीत होता. काच मोठी, आवाज खणखणीत. आणि त्यात मास्तरांना बोलायला शब्द उरले होते पाच. पाणी. भूक. दुखतंय. हो. नाही.

"नाही," टॅबमधली बाई म्हणाली. मास्तरांचा डावा अंगठा बटणावरच होता. "नाही. नाही. नाही."

"अहो बाबा, काय नाही?" मुलगा त्यांच्यापुढे गुडघे टेकून बसला होता आणि त्यांच्या पायात मोजे चढवत होता. "मोजे नको? बरं, एक चढलाय, दुसरा राहू दे."

"दुखतंय," बाई म्हणाली.

"कुठं दुखतंय? आत्या, बाबांची सकाळची गोळी झाली का गं?"

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. माणसाची वाचा गेली की त्याची अक्कलही गेली, असं लोक परस्पर ठरवून टाकतात. मग त्याच्या डोक्यावरून बोलतात, त्याच्या वतीने उत्तरं देतात, आणि वर म्हणतात, किती शांत झालेत हो! शांत! ज्याचं तोंड शिवलंय तो शांत नसणार तर काय गाणी म्हणणार?

हे मास्तर म्हणजे ड्रायव्हिंगचे मास्तर. उभा जन्म त्यांनी दुसऱ्याच्या शेजारी बसून ओरडण्यात घालवला होता. गल्लीतल्या निम्म्या लोकांचा क्लच त्यांनी सोडवला होता. मग एका सकाळी झटका आला, उजवी बाजू गेली आणि जीभ तोंडात दगडासारखी पडून राहिली. डोकं मात्र लख्ख. पण मान आपोआप हलायची, त्यामुळे त्यांनी मान हलवून 'नाही' म्हटलं तरी कोणी मनावर घ्यायचं नाही. "तशी हलतेच ती," म्हणायचे.

ते बहिणीकडे राहायला आले. तिच्या मुलीला घरात सगळे खटपटी म्हणत. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम, आणि प्रोग्रॅमिंग शिकली ती चुकत चुकत, शिव्या देत, इंटरनेटवरच्या अनोळखी माणसांची उत्तरं वाचत. तिने मामासाठी ॲप बनवलं. बटण दाबलं की ॲप बोलणार. सुरुवातीचे पाच शब्द तिनेच घातले होते, दवाखान्यातल्या माहितीपत्रकात होते तेच. सहावं बटण मामाने स्वतः बनवलं, डाव्या हाताने, एकेक अक्षर हुडकत: 'मी पेशंट नाही, मूर्खांनो.'

त्यानंतर मास्तर थांबलेच नाहीत. 'चहा आहे की धुणं धुतलेलं पाणी.' 'ताई, तुझं घोरणं खालच्या मजल्यावर जातं.' 'टीव्ही बंद कर, नाहीतर मला बंद कर.' आवाज बातम्या देणाऱ्या बाईचा, त्यामुळे शिवीसुद्धा सरकारी घोषणेसारखी वाटायची. आणि सगळ्यात मोठा खजिना खिडकीसाठी होता. घर कोपऱ्यावर होतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या शिकाऊ गाड्या त्याच वळणावर सरावाला यायच्या. खटपटीने खिडकीत एक स्पीकर बांधून दिला होता. गाडी गचके खायला लागली की वरून बाई खणखणीत आवाजात सांगायची, "क्लच हळू. गाडी आहे, शत्रू नाही." शिकाऊ पोरी वर बघून हात जोडायच्या. एखादी थांबून विचारायची, "मास्तर, काय चुकलं?" आणि मास्तर अंगठ्याने सांगायचे.

आता हे सगळं गेलं होतं. मुलगा काही राक्षस नव्हता. जुन्या टॅबची काच तडकली होती, बापाचा अंगठा कापला होता, म्हणून पोराने नवा टॅब आणला आणि सकाळी खटपटी दुकानात असताना स्वतःच सगळं इकडून तिकडे केलं. जेवण झालं की तो वडिलांना स्वतःच्या घरी घेऊन जाणार होता. तिथे लिफ्ट होती, दिवसभराची नर्स होती. 'बाबांना विचारूनच नेऊ' असं ठरलंही होतं. मास्तर त्याचं उत्तर कितीतरी दिवस टॅबमध्ये लिहीत बसले होते. कोणी जवळ आलं की पंजाने स्क्रीन झाकायचे. ते उत्तर काय होतं, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं.

आणि आज विचारायची वेळ आली तर शब्द पाच, आणि एकेक अक्षर हुडकत नवं लिहायला जेवणापर्यंतचा वेळ पुरणार नव्हता.

खटपटी घरात शिरली ती चपला न काढताच. आईने फोनवर एवढंच सांगितलं होतं, "अगं, मामाचं बोलणं गेलं. पुन्हा गेलं."

"दाखव," तिने नवा टॅब हातात घेतला. पहिला संशय नेहमीचा: फाइल सापडली नाही की शब्द साठवणारा हा डेटाबेस तक्रार करत नाही, गुपचूप नवी कोरी फाइल बनवतो आणि साळसूद चेहऱ्याने चालू होतो. पण कोरी फाइल असती तर एकही शब्द नसता. इथे पाच होते. म्हणजे फाइल तीच. मग दुसरा संशय: लिहिलेलं पक्कं करायची आज्ञाच कोडमध्ये घालायची राहिली असेल? तेही नाही. जुन्या टॅबची बॅटरी अधूनमधून मरायची आणि चालू केल्यावर सगळे शब्द जागच्या जागी असायचे.

"दादा, काय झालं?" तिने मामेभावाला विचारलं.

"काय होणार? तुझं ॲप आहे. नव्या टॅबवर चालत नसेल."

"चालतंय की. बोलतंय. नुसतं जुनं बोलतंय."

"मी फक्त कॉपी केलं बाई. माझ्यावर कशाला डोळे काढतेस?"

खुर्चीच्या हातावर थाप बसली. मास्तर भाचीकडे टक लावून बघत होते. त्यांचा अंगठा हवेत दोनदा आपटला, बटण असायला हवं होतं त्या जागी. तिला कळलं. ते बटण तिला पाठ होतं. गाडी खांबाला ठोकून रडत आलेल्या प्रत्येक शिकाऊला मास्तर हेच म्हणायचे: 'काय झालं ते सांगू नकोस. काय केलंस ते सांग.'

ती दादाच्या शेजारी बसली. आवाज खाली आणला. "बरं. तू काय काय केलंस ते हाताने करून दाखव. जसंच्या तसं. मी ओरडणार नाही."

"ओरडतेच आहेस."

"नाही ओरडत. दाखव."

त्याने दाखवलं. आधी ॲप बोटाने वर ढकलून बंद केलं. मग फोल्डर उघडला, फाइल धरली, आणि...

"कॉपी नाही केलंस," खटपटी म्हणाली. "कट केलंस."

"तेच ते. दोन ठिकाणी पसारा कशाला? आणि नाव काहीतरी विचित्र होतं, ते मी बदललं. 'बाबा नवीन'. ॲपच्या सेटिंगमध्येही तेच घातलं."

"शेजारी आणखी एक फाइल होती?"

"होती एक. नावाला शेपूट लागलेली. मला वाटलं, कचरा असेल. तसल्या फाइली सगळीकडे असतात."

खटपटीने कपाळावर हात मारला, पण तो स्वतःसाठी. कारण आता तिला चित्र पूर्ण दिसलं, आणि त्या चित्रात दादा एकटा नव्हता.

हा डेटाबेस म्हणजे कुठल्या लांबच्या इमारतीतलं मशीन नव्हे. तो ॲपच्या पोटातच राहतो, एका साध्या फाइलमध्ये. पण नवीन लिहिलेलं थेट त्या फाइलमध्ये जात नाही. आधी शेजारच्या शेपटीवाल्या फाइलमध्ये पडतं. बाजारातून आणलेलं सामान आधी पिशवीतच असतं, सवड झाली की डब्यांत भरतात, तसं. ॲप नीट बंद झालं की सामान डब्यांत जातं; बोटाने ढकलून दिलं तर नाही. पण मास्तर ॲप बंद करूच द्यायचे नाहीत. बंद म्हणजे मुकं. आणि मधल्या वेळात भरलं जावं तर तिथे खटपटीने स्वतःच घोळ घातला होता: बटणं दाखवण्यासाठी ॲप यादी वाचायला सुरुवात करायचं आणि 'वाचून झालं' असं कधी सांगायचंच नाही. कपाटाचं दार धरून कोणी उभं राहिलं तर डबे भरणार कसे? मामाची सगळी बडबड पिशवीतच राहिली होती. आणि दादाने रिकामे डबे उचलून नवीन घरात नेले होते.

"थांब, जुन्यात असतील की मग," दादाला एकदम सुचलं. त्याने तडकलेला टॅब उचलला आणि बोट ॲपच्या चित्रावर नेलं. "उघडून बघतो."

"हात काढ!"

आईच्या हातातलं भांडं खाली पडलं. दादाचं बोट काचेपासून केसभर अंतरावर थिजलं.

"उघडू नकोस. दादा, पाया पडते, खाली ठेव तो. आत्ता उघडलास तर ॲप मुख्य फाइल शोधेल, सापडणार नाही, कोरी बनवेल. मग बाजूला शेपूट दिसेल, धड नसलेली. ती कचरा समजून झाडून टाकेल. विचारणारसुद्धा नाही."

दादाने टॅब टेबलावर ठेवला, जळता निखारा ठेवावा तसा. "विचारत कसं नाही? असलं कसलं बनवतात लोक?"

"विचारत कोण नाही ते आपण नंतर बघू," आई भांडं उचलत म्हणाली. तिची नजर भावाच्या पायात चढवलेल्या एका मोज्याकडे होती.

खटपटीने लॅपटॉप उघडला. वायर लावली, ॲपला हातही न लावता फोल्डरमध्ये डोकावली. शेपूट होती. मुख्य फाइल एवढीशी, आणि शेपूट तिच्या कितीतरी पट. आता एकच धास्ती उरली होती.

"मामा, नव्या टॅबमध्ये तू काही लिहिलंस का? एखादं बटण नवीन केलंस? नीट आठवून सांग. डब्यात वेगळं काही पडलं असलं तर पिशवीतलं त्याच्याशी जुळणार नाही."

मास्तरांनी डावा हात उचलला. अंगठा खाली आला.

"नाही," बाई म्हणाली.

सकाळपासून शंभरदा म्हटलेलं ते नाही कोणीतरी पहिल्यांदा नीट ऐकून घेतलं.

तिने दोन्ही फाइली लॅपटॉपवर आणल्या. मग त्यांची आणखी एक नक्कल करून वेगळी ठेवली. काही बिघडलंच तर नकलेत बिघडू दे. 'बाबा नवीन' पुसून मुख्य फाइलला तिचं जुनं नाव दिलं, कारण नाव जुळल्याशिवाय धड आणि शेपूट एकमेकांना ओळख देत नाहीत. दोघी शेजारी ठेवल्या. मग तिने डेटाबेस उघडला आणि यादी मागवली.

शब्द धबाधबा खाली आले. स्क्रीन भरली, वर सरकली, पुन्हा भरली. आई चष्मा लावून वाकली आणि मोठ्याने वाचायला लागली, "'ताई, तुझं घोरणं...' अरे मेल्या!" आणि पदर डोळ्याला लावून हसायला लागली. पहिल्यांदाच तिला स्वतःच्या घोरण्याचं एवढं कौतुक वाटलं असेल.

खटपटीने पिशवीतलं सामान डब्यांत भरून घेतलं, पुरती एक झालेली फाइल नव्या टॅबवर टाकली, सेटिंगमध्ये तिचं जुनं नाव घातलं आणि टॅब मामाच्या मांडीवर ठेवला.

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं नाही. अंगठा भराभर खाली सरकत गेला, अगदी तळापर्यंत. शेवटचं बटण. त्यावर नाव म्हणून फक्त 'बाळ' लिहिलं होतं. त्यांनी मुलाकडे बघितलं आणि ते दाबलं.

"बाळा," बातम्यांवाली बाई म्हणाली. "तुझ्या घरी लिफ्ट आहे, नर्स आहे, सगळं आहे. तू चांगला मुलगा आहेस. मी येणार नाही. इथे खिडकीखालून शिकाऊ गाड्या जातात. त्यांच्या चुका मला दिसतात. पोरी वर बघून विचारतात, मास्तर, काय चुकलं? मी सांगतो. तुझ्या घरी मला कोणी काही विचारणार नाही. तिथे मी नुसता आजारी असेन. रागावू नकोस. सुट्टीला ये. तुझा रिव्हर्स अजून कच्चा आहे."

बाईचा आवाज थांबला. तो आवाज कुठेच हलला नव्हता, ना चांगला मुलगा म्हणताना, ना आजारी म्हणताना.

मुलगा पुन्हा बापापुढे गुडघ्यांवर बसला होता, राहिलेला मोजा हातात. "बाबा, मी तुम्हाला विचारणारच होतो," तो म्हणाला. मग मोज्याकडे बघत, "नाही. बॅग भरून झाली होती. मी सांगणार होतो." त्याने चढवलेला मोजा काढला, दोन्हींची घडी केली आणि ती नेमकी कुठे ठेवायची ते न कळून खिशात घातली. "नर्सला काय सांगू आता? तिने आजपासूनची सुट्टी रद्द केलीय."

"तिला इकडे पाठव महिनाभर," आत्या म्हणाली. "माझंही वय झालंय. आणि हा मला बाईच्या आवाजात शिव्या घालतो."

"रिव्हर्स कच्चा?" मुलगा बापाकडे वळला. "अजून?"

"हो," बाई म्हणाली.

जेवून तो एकटाच निघाला. गल्ली अरुंद, गाडी मागे घ्यायची होती. मास्तरांची खुर्ची खिडकीशी होती. "आधी आरशात बघ," स्पीकर गरजला. गाडी थांबली. काच खाली आली, एक हात बाहेर आला, आरसा नीट केला. मग गाडी हळूहळू मागे गेली, एकदा कठड्याच्या अगदी जवळ, आणि वळणापाशी हॉर्न वाजवून निघून गेली.

खटपटी लॅपटॉप घेऊन मामाच्या पायाशी बसली होती. कोडमध्ये ती ओळ घातली: वाचून झालं, दार सोड. अर्ध्या ओळीचं काम. त्या अर्ध्या ओळीपायी मामाचं घर जाणार होतं. तिने तोंडातल्या तोंडात स्वतःला एक शिवी हासडली.

"मामा, नवीन ॲप टाकायचंय. त्यासाठी हे एकदा नीट बंद करावं लागेल. मिनिटभर गप्प बसायचं."

मास्तरांनी टॅब छातीशी धरला.

"सगळं डब्यात आहे. तीन ठिकाणी ठेवलंय. पुन्हा नाही जाणार. माझी चूक होती ती, मी दुरुस्त केलीय."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. मग अंगठा फिरवून एक बटण शोधलं. "काय केलंस ते सांग," बाई म्हणाली.

तिने सांगितलं. सगळं, दार धरून उभं राहण्यासकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि टॅब तिच्या हातात दिला.

आणि नेमकी तेव्हाच खाली वळणावर एक शिकाऊ गाडी आली, दोन गचके खाल्ले आणि बंद पडली. गाडीतल्या पोरीने डोकं बाहेर काढून वर बघितलं. "मास्तर?"

मास्तर खुर्चीच्या हातावर थापा मारत होते, घशातून घर्रघर्र आवाज काढत होते, भाचीकडे बघून डोळे वटारत होते.

"झालंच, झालंच," खटपटी टॅबवर बोट फिरवत म्हणाली. "आई, तिला म्हणावं, थांब जरा. मास्तर सांगतायत."