पहिला रकाना

वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळशाच्या डोंगरात ते एवढंसं कॉलेज. तिथून मेडिकलला जाऊ पाहणाऱ्या पोरांची शिफारसपत्रं बावीस वर्षं प्राध्यापक व्हर्लिन स्टॅलार्डच लिहायचा. पत्राखाली पाच रकाने असत, पहिला सगळ्यांत वरचा. विद्यार्थी ज्या पायरीचा, त्या रकान्यावर खूण करायची. पहिल्या रकान्यावर व्हर्लिननं कधीच खूण केली नव्हती. "ज्याच्या हातात माझं काळीज डोळे मिटून देईन, त्याच्यासाठी तो राखून ठेवलाय," असं तो मिशीला पीळ देत सांगे. असा खरेपणाचा ताठा मिरवायला काही लागत नाही. किंमत मोजतं ते भलतंच कुणीतरी.

टेसा मलिन्सइतकी हुशार पोरगी त्याच्या हाताखाली शिकली नव्हती. तिला त्यानं दुसरा रकाना दिला, तोही कौतुकानं.

एका मेडिकल कॉलेजनं तिचा तिसरा अर्जही फेटाळला, तेव्हा त्यानं तिथल्या प्रवेशप्रमुख बाईंना फोन लावला.

"तिचे गुण तरी बघा," तो म्हणाला.

"गुणांचं वजन कॉलेजागणिक वेगळं असतं, प्रोफेसर. तुमच्याकडचं एकही पोर आमच्याकडे शिकलेलं नाही. वजन ठरवायचं कशावरून? राहिलं तुमचं पत्र. मोठ्या कॉलेजांतली निम्मी पोरं पहिल्या रकान्यात असतात. तुमची दुसऱ्यात. आम्ही काय समजायचं?"

"दुसरं पत्र देतो. आजच."

"तीनच अर्ज, असा नियम आहे आमचा."

बाकीच्या सोळा कॉलेजांचे नकार आधीच आले होते. व्हर्लिननं फोन खाली ठेवला.

संध्याकाळी टेसा आली. आईनं पेपरोनी सॉसेज भरून भाजलेले पाव तिनं आणले होते. सोमवारपासून ती वृद्धाश्रमात कामाला लागणार होती. पत्र पोरांना दाखवत नसत, पण व्हर्लिनला आता ते पोटात ठेवणं जमेना.

"दुसऱ्या रकान्यात टाकलं मी तुला," तो म्हणाला.

"असू दे, सर. तुम्ही उगाच कुणाला चढवत नाही, गावाला ठाऊक आहे." ती जरा हसली. "पहिल्यात कोण होतं? झालं का ते तरी डॉक्टर?"



"कोणी नव्हतं गं. कधीच कोणी नव्हतं."

टेसानं पावांची पिशवी टेबलावर ठेवली आणि उभ्याउभ्याच कोट चढवला.