एक नंबर, दोन नंबर

धाकट्याने हिरवं बटण दाबलं. यंत्राची आडवी तुळई बोटभर सरकली आणि कचकन थांबली. स्क्रीनवर पुन्हा तीच लाल ओळ आली, दोन टोकांत फरक.

"काय झालं रे?" पलीकडच्या रुळाशी वाकलेला दादा ओरडला.

"अडली परत."

"दोन नंबरच मागे राहत असणार. ओढ त्याला."

तुळई एकच, पण तिच्या दोन्ही टोकांना एकेक मोटर, दादाच्या बाजूला एक नंबर, धाकट्याच्या बाजूला दोन. एक नंबरने चालायचं, दोन नंबरने मुकाट त्याच्या मागे जायचं, हे धाकट्याने सकाळीच स्क्रीनवर भरलं होतं. जोडी लावण्याआधी मात्र दोन्ही टोकांच्या डायलचे काटे शून्यावर हवेत, नाहीतर तुळई तिरकी होऊन अडते. कारखान्यात या भावांनाही हीच नावं पडली होती. फोरमन दादा एक नंबर, धाकटा दोन नंबर. "दोन नंबरचा माल आला बघा," असं कुणी म्हटलं की सगळे खो खो हसायचे आणि चाळिशीला टेकलेला धाकटाही हसायचा. न हसून सांगतो कुणाला! शाळा दादाने ठरवली, नोकरी दादाने लावली, घरसुद्धा दादाच्या घराला लागून.

आज त्याच्या खिशात दुसऱ्या शहरातल्या कारखान्याचं पत्र होतं. पाचपर्यंत होय की नाही ते कळवायचं होतं. "आज भाऊजींना सांगा, नाहीतर बसा जन्मभर असेच," बायकोने डबा हातात देताना बजावलं होतं.

त्याने आपल्या बाजूचा डायल पुन्हा पाहिला. काटा नेमका शून्यावर होता.

"दादा, माझ्याकडे शून्य. तुझ्याकडे?"

"शून्यच. मी काय आज बघतोय का डायल?"

एरवी धाकट्याने दोन नंबरचाच आकडा बदलून विषय मिटवला असता. आज त्याचं डोकं फिरलं. खिशावर हात ठेवून तो यंत्राला वळसा घालून पलीकडे गेला. डायलचं आणि पत्राचं, दोन्ही एकदमच सांगून टाकू, म्हणजे सुटलो.

दादाच्या डायलचा काटा आठवर होता.

"दादा, आठ आहे हा."

दादाने डायलकडे पाहिलंच नाही. तो धाकट्याच्या तोंडाकडे पाहत राहिला.

"आठ का?" मग अगदी हळू म्हणाला, "काटा दिसत नाही रे मला. वर्ष झालं. डॉक्टर म्हणतात, आता असंच चालायचं. तू आकडा बोलतोस, तोच मी बोलतो. तू आहेस म्हणून निभतंय. कुणाला बोलू नकोस."

धाकट्याचा हात खिशावरून खाली आला. जागेवर परत येऊन त्याने एक नंबरचा आकडा सुधारला.

"जोडू का?"

"तू म्हणशील तसं."

हे ऐकायला तो जन्मभर आसुसला होता. त्याने बटण दाबलं. तुळई कुठेही न अडता शेवटपर्यंत गेली.

पावणेपाचला बायकोचा फोन आला.

"सांगितलंत का?"

पलीकडे दादा डायलची काच पुसत होता, पुन्हा पुन्हा.

"नाही," तो म्हणाला. "त्यानेच सांगितलं."