तिसरी म्हैस

थोरलीनं दुपारपासून गोठा तीनदा झाडला, तरी हातातला झाडू सुटेना. दोन म्हशींच्या शेजारी तिसरा खुंटा रिकामा दिसत होता. तिनं तो उपटला, खड्ड्यात माती ढकलली, पायानं दाबली, तर ती ओली माती आणखीच उठून दिसायला लागली. मेलं जे करावं ते अंगाशीच येत होतं.

नियमच तसा निघाला होता. वस्तीत एका घराला दोनच मोठी जनावरं. तिसरं सापडलं की कोंडवाड्यात, आणि तिथून लिलावात. कारकून आज घरोघर फिरून जनावरांच्या कानात घरनंबराचे बिल्ले मारत होता.

म्हणून थोरलीनं तिसऱ्या म्हशीला, चांदीला, धाकट्या जावेच्या रिकाम्या गोठ्यात नेऊन बांधलं होतं. न विचारता. विचारणार कोणत्या तोंडानं? वाटणी झाल्यापासून दोन वर्षं दोघींचं बोलणं बंद. धाकटी शेतावर गेलेली, ती यायच्या आत मोजणी उरकेल असा थोरलीचा अंदाज. पण कारकूनच दिवस कलल्यावर उगवला.

"दोनच ना, मावशी?"

"दोनच. पुढ्यात उभ्या आहेत की."

"शेजारी तर तीन म्हणतात."

"शेजाऱ्यांना आमचं सगळंच जास्त दिसतं."

कारकून हसला, दुसऱ्या म्हशीला बिल्ला मारून झाला, आणि तेवढ्यात धारेची वेळ झाली. म्हशीला काय, घड्याळ लागतं? चांदी तुटकं दावं फरफटत अंगणातून आली आणि थेट आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली.

"ही कुणाची?"

थोरली पुन्हा झाडायला लागली. सहा वर्षं चांदीनंच घर ओढलं होतं.

मागोमाग धाकटी आली, डोक्यावर गवताचा भारा, हातात दाव्याचा उरलेला तुकडा.

"आमची आहे," ती कारकुनाला म्हणाली. "लिहा आमच्या घरावर."

"मग इकडं कशाला आली?"

"या घरात धाकट्यांचं ऐकतं कोण? जनावरसुद्धा थोरलीच्याच दारात येतं."

कारकुनानं धाकटीच्या घराचा बिल्ला चांदीच्या कानात मारला आणि तो गेला. थोरलीचा जीव भांड्यात पडला, पण पडल्या पडल्या पुन्हा तळमळायला लागला. शेवटी तिलाच बोलावं लागलं.

"नेणार आहेस हिला?"

"बिल्ला आमचा आहे. उद्या कारकून परत बघायला आला, तर दोघी अडकू." धाकटीनं दावं ओढलं. चांदी जागची हलेना. "बघत काय बसलात, जाऊबाई? पुढं व्हा. तुमच्याशिवाय ही यायची नाही."

थोरली बादली घेऊन पुढं झाली. चांदी मुकाट मागून चालू लागली.

"आणि दूध?" थोरलीनं वाटेत विचारलं.

"अर्धं तुमचं. वैरणही अर्धी तुम्ही घालायची."

थोरलीला राग आला, रडूही आलं, पण लिलावापेक्षा हे बरं होतं. जावेच्या गोठ्यात बसून तिनं स्वतःच्या म्हशीची धार काढली. मग धाकटी अर्धं दूध ओतून घेईपर्यंत थोरली बादली धरून उभी राहिली.