नाव घेतल्याशिवाय दार उघडत नाय

“नाव घे, मंगच उंबरा वलांड!” थोरल्या भावाच्या लग्नात दार अडवून धोंडूआत्या गरजली होती. भाऊ घामाघूम, वऱ्हाड हसून बेजार. लहानग्या वाल्मिकनं तेव्हाच ठरवलं, आपण चारचौघांत कुणाचं नाव घ्यायचं नाय.

आज शहापूरच्या गाळ्यातल्या ऑफिसात तोच आवाज कानात घुमत होता. शेजारी सोबत काम करणारी कुणाली बसली होती, अन् दार अडवून बसला होता कॉम्प्युटर.

म्हशाच्या जत्रेत बैल विकणाऱ्यांची वेबसाइट वाल्मिकनं मुरबाडला बसून बांधलेली. तिची कॉपी इथं उतरवून कुणाली ‘जत्रेला या’ या मेसेजची टेस्ट घेणार होती. पण आधी कॉपीतले शेतकऱ्यांचे खरे नंबर पुसून खोटे भरायचे. मागच्या साली ते राहिलं, टेस्टचा मेसेज खराच गेला, अन् त्यातले राघोकाका जत्रेच्या आठ दिवस आधीच शिंगं रंगवलेली जोडी घेऊन रिकाम्या माळावर हजर!

“परत तेच,” कुणाली म्हणाली. “नेहमीसारखं ‘डब्ल्यूपी’नं सुरू होणारं एकही टेबल, माहितीचा एकही तक्ता नाय म्हणतंय. टेबलांच्या नावाआधी तू दुसरंच काय तरी लावलंयस. काय लावलंस रे?”

वाल्मिक भिंतीवरच्या पालीकडं बघू लागला. नेहमीचं नको, काहीतरी वेगळं लावा, असं वेबसाइट बांधताना वाचलं होतं. रिकाम्या चौकटीत बोटांनी मनातलं नाव कधी लिहिलं, त्यालाच कळलं नव्हतं.

“तू चा घेऊन ये. मी घालतो.”

“पुसायची स्क्रिप्ट माझी. सात ठिकाणी बदलायचंय. एक जरी चुकलास तर राघोकाका आलेच!”

“देवाचं लावलंय. म्हसोबाचं.”

तिनं ते घालून पाहिलं. दार बंदच.

“देवाच्या नावानं थापा? पाचला टेस्ट हाय. थांब, टेबलांची यादीच उघडते.” तिचा हात माऊसकडं गेला.

“नको! सांगतो.” वाल्मिकनं घसा खाकरला. कान रंगवलेल्या शिंगांसारखे लाल झाले.

“म्हशाच्या माळावर बैलांची जोडी,
कुणालीच्या नावाची जिभेला गोडी.”

कुणालीनं खाली मान घालून सात ठिकाणी स्वतःचं नाव लिहिलं, बटण दाबलं. झरझर खोटे नंबर भरत गेले. एकही खरा उरला नाय. राघोकाका घरी निवांत.

मग स्क्रीनवरची नजर न हलवता ती म्हणाली, “यादी मी सकाळीच बघितली होती रे. तू नाव घेतोस का नाय, तेवढंच बघायचं होतं.”